गाठीच्या पलीकडचं माप

आमची ही शिवणकाम करते आणि मी लोकांच्या दाढ्या करतो. माझ्या सलूनला लागूनच तिची खोली. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं की मी ओळखतो, बाईसाहेबांनी फिजिक्सचं पुस्तक उघडलं.

ती सातवीत असताना घरात आजारपण आलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे आमची लेक शिकायला परगावी गेली, तिची जुनी पुस्तकं कपाटात राहिली. ही सहज चाळायला बसली आणि त्यात अडकली. पंचेचाळिशी उलटल्यावर दहावी-बारावीसाठी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. बीजगणितानं सुरुवातीला तिला अक्षरशः रडवलं. "एक्स म्हणजे नक्की किती, ते आधी सांगा की!" असं माझ्यावर खेकसायची, जणू मीच तो लपवून ठेवला होता. पण जमलं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना तिच्या गोष्टी ऐकवायला लागलो. तोंडाला फेस लावलेला माणूस निमूट ऐकून घेतो.

मग आला लंबक. दोऱ्याला गोळा बांधायचा, झोका द्यायचा, आणि दोऱ्याची लांबी व झोक्यांना लागलेला वेळ यांवरून पृथ्वी किती ओढते ते काढायचं. उत्तर नऊ पॉइंट आठच्या आसपास यायला हवं. हिचं दर वेळी कमी. सर भले माणूस, पण वर्ग मोठा. "ताई, झोके मोजताना गडबड होतेय. प्रॅक्टिकलला असंच झालं तर नापास व्हाल. फिजिक्स सोडा, चित्रकला घ्या," म्हणाले आणि विषय बदलायचा अर्ज हातात दिला. शनिवारपर्यंत मुदत.

हिनं अर्ज मशीनच्या खणात टाकला आणि नुसतं मशीन चालवत बसली. मला धडकीच भरली. आता फिजिक्स सुटलं तर ही पुन्हा कुठल्याच पुस्तकाला हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"अगं, लेकीला फोन कर. ती चुटकीसरशी सांगेल."

"सांगेल ना. म्हणूनच नाही करत."

शुक्रवारी दुपारी मी सलून बंद ठेवलं आणि तिच्या हाताखाली लागलो. दाराची जुनी, गोल पितळी मूठ दोऱ्याला बांधून पडद्याच्या दांडीला टांगली. उत्तर कमी. दोरा आखूड केला, तर उत्तर आणखी कमी. "दे ना सोडून," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना चढलो आणि वरच्या कठड्यावरून लांबलचक दोरा खाली सोडला. ही खाली घड्याळ घेऊन उभी. या वेळी उत्तर जवळजवळ बरोबर आलं.

ती पायरीवर बसली. "म्हणजे झोके मी नीट मोजतेय. लांब दोऱ्याला चूक कमी, आखूड दोऱ्याला जास्त. दर वेळी तेवढंच काहीतरी मोजायचं राहतंय, लांब दोऱ्यात ते खपून जातं." मग दोऱ्याला टेप लावता लावता तिचा हात थांबला. "अहो, मी गाठीपर्यंतच मोजतेय!"

सगळा जन्म कापड शिवणीपर्यंत मोजण्यात गेलेला. शिवणीपलीकडचं ते मार्जिन, मापात धरायचं नाही. तसंच इथे गाठ आली की हिचं माप संपायचं. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. पुस्तकात ते होतं, हिनं वाचलंही होतं, पण हात आपल्या सवयीनंच चालले. आता टेप मुठीच्या मध्यापर्यंत नेला आणि आखूड दोऱ्याचं गणित पुन्हा मांडलं. नऊ पॉइंट आठ! मी एवढ्यानं ओरडलो की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. डोळे माझेच भरून आले होते. ही आपली दुसऱ्यांदा ताळा करत होती.

शनिवारी तिनं कोरा अर्ज सरांना परत दिला. "सर, चित्रकला मला नाही जमायची," एवढंच म्हणाली. प्रॅक्टिकललाही पास झाली आणि लेखीलाही.

ती पितळी मूठ आता माझ्या आरशाशेजारी टांगलेली आहे. हे काय म्हणून कुणी विचारलं की मी आधी त्याला फेस लावतो, मग सुरू होतो. सांगता सांगता चुकलो की भिंतीपलीकडचं मशीन थांबतं आणि आवाज येतो, "गाठीपर्यंत नाही हो, मध्यापर्यंत!"