मखमलीखालची फुली

समजा, तुमच्यासमोर एक कोरी भिंत आहे. अकरा फूट रुंद, नऊ फूट उंच, नुकताच रंग दिलेली. तुमच्या हातात हातोडी आहे, ओठांत चार खिळे आहेत आणि पायाशी जुन्या चादरीवर अख्खं घराणं पसरलंय. आजोबांचा फुटक्या काचेचा फोटो, लेकीचं पदवीचं चित्र, कुणाचं घड्याळ, कुणाची शिट्टी. आता सांगा, पहिला खिळा कुठे ठोकाल?

घाई करू नका. पहिला खिळा चुकला की बाकीचे सगळे त्याच्या मागोमाग चुकत जातात.

हे म्हणणं सूतमावशीचं. मावशीचं म्हणणं गल्लीत सहसा कुणी खोडत नसे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शेजारणीनं पडद्याची दांडी लावली की मावशी पिशवी सांभाळत जाता जाता नुसती मान वर करायची आणि म्हणायची, “डावीकडून सूतभर खाली आहे गं.” शेजारीण पट्टी लावून बघायची. सूतभरच असायचं. त्यावरून हे नाव पडलं. मावशीला ते मनापासून आवडायचं, फक्त ती तसं कबूल करत नसे.

एकतीस वर्षं मावशी लेथ मशीनवर होती. लेथवर लोखंड किंवा पितळ गरगर फिरतं आणि आपण त्याला हत्यार लावून हव्या त्या मापाला कातत जातो. त्या वर्कशॉपमध्ये अडतीस पुरुष टर्नर आणि ही एकटी बाई. शेवटची दहा वर्षं तर सगळ्यात नाजूक काम आलं की फोरमन ड्रॉइंगची गुंडाळी सरळ तिच्याच मशीनवर आणून ठेवायचा. निवृत्त झाली त्या दिवशी तिचा शेवटचा जॉब, म्हणजे कातलेला भाग, तपासायला कुणी गेजच काढला नाही. “तुमचं काय तपासायचं?” म्हणाले. ते ऐकून मावशी चिडलीच. “तपासा! उद्या म्हणाल, बाई जाताना सूट घेऊन गेली!”

नव्या घरात येऊन दोन महिने झाले होते. बैठकीतली मोठी भिंत मावशीनं मुद्दाम रिकामी ठेवली होती. या रविवारी दुपारी चार वाजता थोरल्या जाऊबाई घर बघायला येणार होत्या. जाऊबाई म्हणजे फार पूर्वी भर पाहुण्यांत, “बाईनं लोखंड कातून असे काय मोठे दिवे लावले?” असं विचारणाऱ्या बाई. मावशी तेव्हा काही बोलली नव्हती. आता भिंत बोलणार होती.

सकाळी आठपासून काम चालू होतं. प्रत्येक फ्रेमच्या मापाचे कागद कापून आधी भिंतीवर चिकटवले होते. खिळा मग. मावशीचे यजमान, निवृत्त बस ड्रायव्हर, शिडी धरून उभे होते.

“अहो, शिडी धरा. शिडीला टेकू नका.”

“मी टेकलो नाही, मी आधार देतोय,” ड्रायव्हर म्हणाले. “आणि माझा आरसा कुठे लागणार ते आधी ठरवा.”

हा आरसा त्यांच्या शेवटच्या बसचा. डेपोनं निरोपाला दिलेला.

“फोटोंमध्ये आरसा कशाला?”

“मागचं दिसतं त्यात. तुमच्या फोटोंत तरी दुसरं काय दिसतं?”

शिडीखाली बसून फ्रेमच्या काचा पुसणारी लेक खो-खो हसली. आरसा मंजूर झाला. या दोघांचं असंच असायचं. लग्नाचं विचारलं तर ड्रायव्हर सगळ्यांना सांगायचे, “आमचं सूत सुतानंच जुळलं.” बसची एक पिन बसत नव्हती म्हणून ते ती घेऊन वर्कशॉपला गेले होते. लेथवरच्या मुलीनं पिन हातात घेतली, सूतभर कातली आणि मान वर न करता परत दिली. पिन बसली. ड्रायव्हर मात्र पुढच्या आठवड्यात आणखी दोन चांगल्या पिना मुद्दाम बिघडवून घेऊन हजर झाले.

अकरापर्यंत भिंत बरीच भरली. डावीकडे आजोबा-आजी, त्यांच्याखाली स्टुडिओतल्या खोट्या चंद्रासमोर बसलेलं हे जोडपं, मध्ये रांगणारी लेक. उजवीकडे वर्कशॉपचा मोठा फोटो. तीन रांगा पुरुष आणि दुसऱ्या रांगेच्या टोकाला डोक्याला रुमाल बांधलेली, हनुवटी वर केलेली एक मुलगी. बरोब्बर मधली जागा अजून रिकामी होती. तिथे पहिला बुश लागणार होता.

बुश म्हणजे पितळेची जाड बांगडीच. फिरणाऱ्या दांड्याभोवती ती नेमकी बसते, म्हणून तिच्या आतल्या भोकाचं माप केसाच्याही अंशाइतकं अचूक लागतं. हा बुश मावशीच्या हातचा पहिला जॉब. घरात लेकीला पहिला शब्द फुटायच्या आधीपासून त्याची गोष्ट सांगितली जात होती. आईनं पहिलाच जॉब केला आणि पहिल्याच फटक्यात पास झाला! लेक इंजिनिअर झाली, मोजमापाच्या प्रयोगशाळेत लागली, त्या नोकरीच्या मुलाखतीतही, ‘या क्षेत्रात का यावंसं वाटलं?’ या प्रश्नाला तिनं हीच गोष्ट सांगितली होती.

“आई, मी काय आणलंय बघ.” लेकीनं बॅगेतून एक लाकडी पेटी काढली. आत भोकाचा व्यास मोजायचा मायक्रोमीटर होता. “साहेबांना विचारून आणला. बुशाखाली छोटी पट्टी लावायची, वर त्याचं खरं माप. मायक्रॉनपर्यंत, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत! संग्रहालयात असतं ना तसं.”

शिडीवरच्या मावशीच्या ओठांतला खिळा खाली पडला.

“माप कशाला?” ती म्हणाली. “नुसता लाव.”

पण लेकीनं बुश खिडकीतून उचललाही होता. सकाळी घासूनपुसून तिथे ठेवला होता. त्याच्या एका सपाट बाजूला मखमलीचा तुकडा चिकटवलेला होता. कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून, असं मावशी सांगायची. आता तो कपाटात नाही, भिंतीवर लागणार होता. लेकीनं मखमलीचं एक टोक नखानं उचललं आणि ओढलं.

खाली लाल रंगाची फुली होती. जाड ब्रशनं मारलेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

लेक याच धंद्यातली. लाल फुलीचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

“आई,” ती हळू म्हणाली, “हा रिजेक्ट आहे.”

ड्रायव्हरांनी शिडी सोडली. मावशी एकेक पायरी करत खाली उतरली, चादरीच्या कडेला बसली आणि पदरानं हात पुसत राहिली. हात स्वच्छच होते.

“मी मुलाखतीत सांगितलं गं हे,” लेक म्हणाली. “आणि नंतर कितीतरी जणांना.”

“माहितेय मला.”

मग मावशीनं सांगितलं. तेव्हा ती पॅकिंगला होती, संध्याकाळच्या वर्गात लेथ शिकली होती. मशीन द्या म्हणून महिनाभर फोरमनच्या मागे लागली, तेव्हा तो म्हणाला, “एक बुश करून दाखव. पास झाला तर मशीन तुझं.” जेवणाच्या सुट्टीत सगळे टर्नर डबे घेऊन भोवती जमले. तिनं शेवटचा काप घेतला, बुश मशीनवरून उतरवला आणि पळतच इन्स्पेक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवला. इन्स्पेक्टरला सगळे नोगोसाहेब म्हणायचे. तपासायच्या गेजला दोन टोकं असतात. एक ‘गो’, ते भोकात गेलं पाहिजे. दुसरं ‘नो-गो’, ते जाता कामा नये. ते आत गेलं तर भोक मोठं झालं, आणि कातलेलं पितळ परत चिकटवता येत नाही.

“गो गेलं. सगळे चूप. मग नो-गो लावलं, तर तेही सुळकन आत! त्यांनी ब्रश उचलला नि मारली फुली. मी भडकले. म्हटलं, साहेब, माझं माप बरोबर आहे, परत बघा! मान वर केली नाही त्यांनी. म्हणाले, ‘गार होऊ दे. मग ये.’ सगळं वर्कशॉप हसलं. मला चिडवायला लागले, गार हो गं बाई, गार हो. डबे वाजवले मेल्यांनी.”

“मग गेलीस परत?”

“मी? मी कशाला जाते! भंगाराच्या पेटीत टाकायचा तो पिशवीत घातला आणि घरी आले. तुझे आजोबा, आमचे आबा, दारातच उभे होते. त्यांनी एकच शब्द विचारला, ‘पास?’ त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, पास. दुसऱ्या दिवशी नोगोसाहेबांनी न बोलता पितळेचा दुसरा तुकडा माझ्यापुढे सरकवला. तो झाला पास. मशीन मिळालं. पण तो बुश यंत्रात गेला आणि हा घरात राहिला. एकदा पास म्हटलं ते म्हटलं.”

“म्हणजे आमच्या लग्नाआधीपासून थाप?” ड्रायव्हर म्हणाले. “आणि मी दोन चांगल्या पिना बिघडवल्याचं तुम्ही आजवर ऐकवता!”

कुणी हसलं नाही. मग लेकच थोडंसं हसली आणि तिनं मायक्रोमीटर उचलला.

“नको,” मावशी म्हणाली.

“का? तू मोजला असशीलच नंतर.”

“नाही.”

“तू? डब्यांच्या झाकणांचे व्यास मोजणारी तू? आणि हाच नाही मोजलास?”

मावशीनं मान हलवली. हजारो जॉब मोजले, हा एक मोजला नाही. न मोजता ठेवला तोवर कुठेतरी आत ती बरोबर होती. मोजला आणि खरंच मोठा निघाला, तर उरलेलं एवढंसंही गेलं असतं. हे तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण लेकीला ते कळलं असावं. तिनं मायक्रोमीटर पुढे केला.

“तूच मोज मग.”

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मावशीनं हात पुढे केला, बुश तळव्यावर घेतला. चाळीस मिलिमीटर, वर जास्तीत जास्त पंचवीस मायक्रॉन. ड्रॉइंगवरचे ते आकडे तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ होते. तिनं बुशाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून आपोआप शब्द आले.

“उन्हात होता हा. थांब जरा. गार होऊ दे, मग...”

ती थांबली.

लेकही थांबली. हे वाक्य लेकीनं लहानपणापासून ऐकलं होतं. दूध झाकायच्या आधी, इस्त्रीची वायर गुंडाळायच्या आधी. वर्कशॉपला शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मावशी पहिल्या दिवशी हेच सांगायची. मशीनवरून उतरवलेला जॉब तापलेला असतो, तापलं की पितळ फुगतं, भोक मोठं होतं. गार होऊ दे, मग गेज लाव. दुसऱ्यांना शिकवलेलं हे वाक्य आपण पहिल्यांदा कुठे ऐकलं, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

“तेव्हा चटका बसला होता का गं हाताला?” लेकीनं विचारलं.

“बसला असेल,” मावशी म्हणाली. “पळत होते मी.”

बुश सावलीत, फरशीवर ठेवला. तिघंही त्याच्याभोवती बसून राहिले, दवाखान्याबाहेर बसावं तसे. ड्रायव्हरांनी दोनदा चहाचं विचारलं, दोनदा त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. अर्धा तास झाला. मावशीनं मायक्रोमीटर भोकात घातला, खटका फिरवला. एक टिक, दोन टिक, तीन. चष्मा कपाळावर ढकलला, परत डोळ्यांवर घेतला. मग मायक्रोमीटर तसाच लेकीपुढे धरला.

“तू वाच.”

“चाळीस,” लेक म्हणाली, “आणि वर बारा.” तिचा आवाज चढला. “बारा, आई! पंचवीसातले बारा! मधोमध! पहिल्या जॉबला मधोमध कुणाचं येतं? माझं आजही येत नाही!”

मावशीनं पुन्हा मोजलं. आडवं धरून मोजलं, उलटं करून मोजलं. बारा, बारा, बारा. मग ती उठली, शिडीवर चढली आणि म्हणाली, “अहो, धरा नीट. मधला खिळा मारायचाय.”

“फुली मागे ना?” लेकीनं मखमलीचा तुकडा पुढे करत विचारलं.

“पुढे,” मावशी म्हणाली. “मखमल टाकून दे.”

चारला जाऊबाई आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या, एकेक फोटो पारखला, आरशात केस नीट केले. मधोमध येऊन डोळे बारीक केले.

“हे लाल काय गं? गंजलंय वाटतं.”

“पितळ गंजत नाही, ताई. रिजेक्टची फुली आहे ती.”

“अगो बाई! नापास झालेलं कुणी भिंतीवर लावतं होय?”

“खालची पट्टी वाचा ना,” मावशी म्हणाली. लेकीनं तात्पुरता कागद लावला होता, सुबक अक्षरात. चाळीस अधिक बारा. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती : पहिला जॉब.

“म्हणजे?”

“म्हणजे बरोबर होता,” मावशी म्हणाली. “तेव्हाही बरोबर होता.” आणि तिची हनुवटी अगदी त्या फोटोतल्यासारखी वर झाली.

जाऊबाईंनी एकदा बुशाकडे बघितलं, एकदा मावशीकडे. “लोखंड नाही, पितळ का हे,” त्या पुटपुटल्या. पण बोटानं बुशाची कड हळूच चाचपून बघितली.

“चला वहिनी, चहा घ्या,” ड्रायव्हर म्हणाले. “गार होईल.”

सगळे आत गेले. कपबश्यांचा आवाज येऊ लागला. मावशी मात्र वर्कशॉपच्या फोटोसमोर रेंगाळली. मागच्या रांगेच्या टोकाला, कानावर पेन्सिल खोचलेले नोगोसाहेब उभे होते. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांनी कधी तिची स्तुती केली नाही, कधी तो बुश परत मागितला नाही. आणि भंगाराचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या त्या माणसानं, पेटीतला एक बुश कमी कसा, हेही कधी विचारलं नाही.

फोटो सूतभर कलला होता. तिनं तो बोटानं सरळ केला.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “गार होऊ दे म्हणालात, ते कुणाला? मला, की बुशाला?”