ऑर्विल ट्वेटचे चार मोसम

ऑर्विल ट्वेट आमच्या गावचा न्हावी. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की स्टेडियमबाहेर त्याच्या पिकअपमागे शेगडी पेटते, सॉसेज भाजले जातात आणि आमची भांडणं रंगतात. त्या शनिवारी मीच तापलो होतो. आदल्या सामन्यात आमच्या किकरने दोन सोप्या किक घालवल्या होत्या.

"किकिंगच्या कोचला हाकला!" मी म्हणालो. "काडीचं कळत नाही त्याला."

ऑर्विलने शांतपणे सॉसेज उलटला. "वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकून किकसाठी देतो, त्या पोराचं नाव काय रे?"

मला आठवेना.

"तीन वर्षांत एकही चेंडू वाकडा गेला नाही, म्हणून तुला नाव ठाऊक नाही. त्यालाही हाच कोच शिकवतो."

शेजारचा ड्वेन हसला. "ऑर्विल, कॉलेजात असताना तूही चार वर्षं आपल्या टीमसाठी असाच चेंडू मागे फेकायचास ना?"

मी बघतच राहिलो. वीस वर्षं मी याच्याकडे केस कापून घेतोय!

"अरे, मग कधी बोलला का नाहीस?"

"एकदा जरी चुकलो असतो," माझ्या पावात सॉसेज ठेवत ऑर्विल म्हणाला, "तर तूच मला ती चूक दर आठवड्याला ऐकवली असतीस."