परत न येणारी गिऱ्हाइकं

आमच्या कुरकुंभच्या घराला गिऱ्हाईक यायचं, चहा प्यायचं, फरशीचं कौतुक करायचं, "घरी विचारून सांगतो" म्हणायचं आणि गायब व्हायचं. एखादं गेलं तर समजू शकते. पण सगळीच? कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते मला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या वहिनींच्या फाटकात!

गिऱ्हाईक बाहेर पडलं की या बाई हातात झाडू घेऊन हजर. झाडायचं काही नसायचं. गिऱ्हाइकाला थांबवून हळूच काहीतरी बोलायच्या. मी पडद्याआडून बघायचे.

"कान भरतीय ती," मी ह्यांना सांगायचे.

"तुला सगळ्यांचाच संशय," हे म्हणायचे.

मग काय, ओवाळू तिला?

घर विकणं हौसेचं नव्हतं. हे कंपनीतून रिटायर झाले आणि खोकल्यानं जे धरलं ते सोडेना. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. लेक शिरूरला राहते. तिच्याच सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता आणि मालक आमच्यासाठी थांबला होता. पण तो तरी किती थांबणार? लेकीचा रोज फोन, "आई, झालं का गं?"

किंमत आम्हीच ठरवलेली. सिमेंट, सळई, ग्रॅनाइटचा ओटा, सागवानी दार, सगळ्याची बेरीज. जेवढं घातलं तेवढं तरी यायलाच पाहिजे की! एजंट म्हणाला, "मावशी, लोकं तुमचा खर्च इकत घेत न्हाईत, जागा घेत्यात." मला त्याचाही संशय आला. भाव पाडून मेव्हण्याच्या घशात घालणार मेला. त्याला दाखवायचं म्हणून मी घराला नवा आंबा कलर मारून घेतला. गिऱ्हाईक यायच्या आधी घरभर उदबत्त्या लावायला लागले. शिक्रापूरहून आलेल्या एका बाईनं आल्यापासून जाईपर्यंत नाकावरचा पदर काढला नाही. धूर जास्त झाला असेल, असं मला वाटलं. तिचा नवरा तर भिंती ठोकून बघायला लागला, ओल लपवलीय का म्हणून. म्हटलं, ठोका, खुशाल ठोका! ओल कुठंच निघाली नाही, तरी तो परत आला नाही.

शेवटी एक दिवस वहिनींना फाटकातच गाठलं. "काय हो, माझ्या गिऱ्हाइकांना काय सांगता तुम्ही?"

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, म्या तर म्हणते, घर चांगलं हाय, पाणी रोज येतंय. तुमचं चांगल्या भावानं गेलं तर आमचं बी जाईल. आम्हाला बी निघायचंय इथनं."

बोलायला गोड! माझा विश्वास काही बसला नाही.

मग ह्यांना घरी ठेवून नातवाच्या बारशाला शिरूरला गेले आणि चांगली महिनाभर राहिले. फ्लॅटवाल्यानं तेवढ्यात निरोप दिला, दिवाळीपर्यंत थांबतो, पुढं नाही.

परत आले, दार उघडलं आणि नाकात काहीतरी घुसलं. आंबट, औषधी, घशाला झोंबणारं.

"अहो, गॅस चालू राहिला का काय?"

रेग्युलेटर बघितला, मोरी बघितली, उंदीर मेलाय का म्हणून कपाटामागं बघितलं. हे खुर्चीत पेपर वाचत बसलेले.

"कसला वास?" हे म्हणाले.

मी बाहेर अंगणात आले. तिथंही तोच वास. गल्लीत तोच, केमिकल कंपन्यांच्या बाजूनं वाऱ्याबरोबर येणारा. वहिनींना विचारलं, तर त्याही माझ्याकडं बघत राहिल्या. "कसला वास, ताई?"

आई गं! तो नाकावरचा पदर माझ्या उदबत्तीसाठी नव्हताच.

तिथंच उभी राहून मी एजंटाला फोन लावला. म्हटलं, भाव उतरव, आणि येणाऱ्याला आधीच सांग, इथं वास येतो. दिवाळीच्या आत काय मिळेल ते मिळू दे. "बरं, मावशी," एवढंच म्हणाला तो.

मग भाकरी करायला बसले. तवा उतरवला तेव्हा लक्षात आलं, वास येत नव्हता. घाईनं अंगणात गेले, नाक वर करून दोन-तीनदा श्वास ओढला. काही नाही. दोरीवरचे कपडे कंपन्यांकडून येणाऱ्या वाऱ्यावर मघासारखेच हलत होते, आणि आत हे खोकत होते.