आईचं खातं

मस्कतला आल्यापासून मी दर महिन्याला आईला पैसे पाठवतो. घरखर्चाला नव्हे, खास तिच्या हातखर्चाला. बांगड्या भरायच्या झाल्या तरी तिने आधी वडिलांपुढे आणि मग दादापुढे हात पसरला, हे मला लहानपणापासून सलायचं. म्हणून पहिल्या पगारालाच मी दादाला तिच्या नावाने बँकेत खातं उघडायला सांगितलं. त्याने लगेच नंबर पाठवला.

पैसे रुवी भागातल्या मनी एक्स्चेंजमधून जायचे. शुक्रवारी माबेल्यातल्या खोलीवरून गाडी हाणत जायचं, रांगेत ताटकळायचं आणि वर फी मोजायची. ती फी पुन्हा वाढली तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता मोबाइलवरूनच. पण कोणतं अ‍ॅप? खोलीतल्या रत्नागिरीच्या दोस्ताने एक सांगितलं, कंपनीतल्या अकाउंटंटने दुसरं. एकाची फी शून्य, पण रेट असा की त्यापेक्षा फी परवडली. परवाना आहे का, पैसे अडकले तर फोन कोण उचलतं, तिकडे नेमके किती रुपये पडतात, सगळ्याचा मी कीस पाडला. परक्याच्या हातात पैसे द्यायचे तर एवढं बघायलाच हवं.

शेवटी एक निवडलं. आईचं नाव टाकलं, खात्याचा नंबर टाकला. खातेदाराचं नाव जुळत नाही, असं आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. मी अ‍ॅपला शिव्या हासडल्या. दोस्ताने मोबाइल हातात घेतला.

“भाई, नाव डायरेक्ट बँकेतून येतं. एक्स्चेंजवाला नुसता नंबर बघायचा.”

खाली बँकेतलं नाव दिसत होतं. दादाचं.

मी दादाला फोन लावला.

“अरे, आईला बँकेत खेपा घालायला जमतंय का?” तो म्हणाला. “घर एकच आहे ना आपलं? तिला काय कमी आहे इथे?”

त्याचा आवाज जराही हलला नाही. ओशाळलो तो मीच.

मग आईच्या साध्या फोनवर लावला. पैसे मिळतात ना, एवढंच विचारलं.

“मागितले की देतो रे. पण सारखं मागायला बरं नाही वाटत. मध्यंतरी गोळ्या संपल्या, तरी थांबले थोडे दिवस. त्याला काही बोलू नकोस हां. मला इथेच राहायचंय.”

नवं खातं उघडायचं तर तिला बँकेत नेणार दादाच, आणि माझी सुट्टी लांब होती. संताप आवरत नव्हता. तरी मी आईचं नाव पुसलं आणि तिथे दादाचं टाकलं. पैसे लगेच पोहोचले. पाठवले नसते, तर तिला मागूनही मिळाले नसते.