शेवटी येणारं ‘नाय’

तयार वस्तूवर इतका अविश्वास असलेली बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी झाली नसेल. कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी ही सहकारी रोज फुलंब्रीहून एसटीनं यायची, आणि पिशवीत डब्यासोबत स्क्रूड्रायव्हर असायचा. नवी छत्री घेतली की आधी खोलायची. शिंप्यानं शिवलेलं ब्लाउज उसवून पुन्हा शिवायची. कँटीनचा समोसासुद्धा फोडून, सारण चाळूनच खायची. “आत काय हाय ते बघाया नको का, ताई?” मी तेव्हा कडक इस्त्रीची साडी नेसून, समोर इंग्रजी मासिक उघडं ठेवून बसायचे. वाचत नव्हते, लोकांना ते दिसत होतं, तेवढं पुरे. आम्ही दोघी हंगामी होतो आणि कायम जागा एकच होती.

एकदा लॅबमध्ये एका प्रोग्रॅमिंग भाषेचा इंटरप्रिटर आला, म्हणजे आपण लिहिलेल्या ओळी वाचून मशीनकडून काम करून घेणारा दुभाष्या. फ्लॉपीत तो अगदी तयार होता. चालवायचा आणि मोकळं व्हायचं. हिनं तयार फाइल पुसली आणि सोबतचा सोर्स कोड, म्हणजे त्याची मूळ कच्ची संहिता, स्वतः कंपाइल करून त्यातून चालणारी फाइल बनवायला बसली. आठ दिवस एररच एरर. मी मनातल्या मनात पेढे वाटले. नवव्या दिवशी एकही एरर आली नाही; पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला ॲसिडिटी झाली.

तेवढ्यावर भागेना. त्या भाषेत तिला आपले शब्द घालायचे होते. मी नाक मुरडून म्हटलं, “त्यात काय? ‘नॉट’ खोडून ‘नाय’ लिही, झालं.” ती माझ्याकडे दयेनं बघत म्हणाली, “ताई, आपण आधी नाय म्हणतो व्हय? समद्यांचं ऐकून घेतो, मंग नाय म्हणतो.” आणि ‘नाय’ वाक्याच्या शेवटी यावं म्हणून तिनं त्या इंटरप्रिटरचं सगळं व्याकरणच उसवलं. हे मला सुचलं नव्हतं, सात जन्मांत सुचलं नसतं. त्या दिवशी मी घरी जाऊन बिचाऱ्या नवऱ्याशी भांडले.

निवड समिती यायच्या आदल्या दिवशी तिनं कोडचे कागद माझ्यापुढं ठेवले. “एक नजर टाका. तुमची नजर लई तिखट हाय.” तिखटच होती. तिसऱ्या पानावर मला दिसलं, की वाक्यात ‘आणि’ आलं तर तिचं ‘नाय’ शेवटच्या गोष्टीपुरतं न राहता दोन्ही गोष्टींना मिळून लागतंय. मी कागद परत दिले. म्हटलं, “छान आहे.”

समितीसमोर तिनं मशीनला विचारलं, जर्नल दिलं आणि परीक्षा दिली नाय, अशी पोरं कोण? मशीननं जवळजवळ अख्खा वर्ग ओकला. त्यात जर्नलचं तोंडही न पाहिलेले महाभाग होते. प्राचार्य खोकले. ही मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. “सायब, गावाकडं बी असंच व्हतं! ‘आई आणि आबा आले नाय’ म्हटलं, की आई आली का नाय, ते दारात जाऊनच बघावं लागतं.”

जागा मला मिळाली. दुसऱ्या दिवशी मी ती चूक दुरुस्त केली. सगळ्या मिळून चार ओळी. तिनं पाहिलं, आणि कोडच्या माथ्यावर, स्वतःच्या नावाच्याही वर माझं नाव टाकलं. महिन्याभरात ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागली. पुढं प्रत्येक नवी बॅच ते नाव वाचायची, कौतुक करायची. मी करून घ्यायचे.

परवा तिचा फोन आला. गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरकडं जुना बघायला मागितला म्हणे. मग म्हणाली, “ताई, एका दिवसात कशी हो धरली तुम्ही ती चूक? नातवंडांना अजून सांगते मी.”

“अगं, नजर पडली,” मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. कधी पडली, एवढं तिनं विचारायला हवं होतं.