न झालेल्या लढाईचा तपास

दुपारचा चहा आमच्या घरी मामंजी करतात. कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या सासऱ्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं आहे, आणि त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना चालत नाही. त्या दिवशी ते माझा कप घेऊन आले आणि टेबलापाशीच थांबले. मी एका लढाईच्या कॉमिकची पहिली पानं काढत होते. समोरच्या पानावर भलंमोठं लोखंडी फाटक होतं, शेजारी टेहळणीचा मनोरा आणि गुडघ्यापर्यंत बूट चढवलेले शिपाई.

"हे कुठलं गाव?" त्यांनी विचारलं.

"कनेरगाव नाका."

"आपलं? ढाबे हायेत ते?"

"व्हय. पण अठ्ठेचाळीस सालचं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. गोष्ट माझ्या कॉलेजातल्या एका मित्राची. तो पुण्यात राहतो, लिहितो. मी वसमतला घरी बसून चित्रं काढते. अठ्ठेचाळीस साली भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक आहे. मित्राच्या गोष्टीत मात्र ते संपत नाही. फौज सरहद्दीवरच अडते, लढाई वर्षानुवर्षं रेंगाळते आणि आमचा हा भाग तिच्या ऐन मध्यावर येतो. त्या काळी कनेरगावापाशी संस्थान संपायचं आणि पलीकडे वऱ्हाड लागायचं. जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर कर घ्यायला तिथं करोडगिरीचा नाका होता. गोष्टीतली पहिली गोळी तिथंच सुटते. आणि नाका कसा दिसायचा याचा एकही फोटो मला मिळत नव्हता.

मामंजींनी ऐकून घेतलं. "म्हणजे ही लढाई झालीच न्हाई."

"न्हाई."

"मग खोटंच काढायचं तर त्यात खरा नाका काहून पाहिजे? काढ की मनाला येईल तसा."

ते आत गेले. थोड्या वेळाने स्वतःचा कप घेऊन परत आले आणि समोर खुर्ची ओढून बसले.

"हे बघ," ते म्हणाले, "खोटा साक्षीदार असतो ना, त्याला हुशार वकील बाकी सगळं खरं बोलायला लावतो. पाऊस व्हता का, रस्ता कसा व्हता, कोण कुठं बसलं व्हतं, सगळं बराबर. खोटं फक्त एकच. तेच खपवायचं असतं."

"तसंच आहे मामंजी."

"मग तुझा साक्षीदार लई कच्चा हाय. हे बूट कोणी सांगितले तुला?"

बूट मला कोणीच सांगितले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं हिंगोलीच्या एसटीत बसलो. मामंजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पिशवीत पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे लाडू आणि माझी काढलेली पानं गुंडाळून घेतली होती. माझ्या नवऱ्याला कारखान्याच्या कामातून सवड नव्हती. असती तरी मामंजींनी त्याला नेलं असतं असं वाटत नाही.

हिंगोलीत मामंजींच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ होते. ते काही सांगतील म्हणून आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला, माझी पानं एकेक करून पाहिली आणि हलक्या हाताने माझ्यापुढे सरकवली. "तुमी न झालेली लढाई काढून राहिले," ते म्हणाले. "आमी झालेली पाहिली. तेवढ्यावर भागू द्या." मग त्यांनी मामंजींना गुडघेदुखीचं औषध विचारलं आणि बोलणं दुसरीकडे नेलं. आम्हीही पुन्हा तो विषय काढला नाही. त्या आठवड्यात मी मित्राला फोनवर सांगितलं की आपल्या लढाईत गंमत म्हणून कोणी मरणार नाही. त्याने का ते विचारलं आणि ऐकल्यावर चार पानं काढून टाकली.

हिंगोलीहून आम्ही वाशिमची गाडी धरली आणि कनेरगावला उतरलो. एका ढाब्यावर चौकशी केली तर मालक म्हणाला, "माझ्या आजीला इचारा, ती तवाची हाय." ढाब्यामागेच त्यांचं घर होतं. आजी नव्वदीच्या घरातल्या. ओसरीवर बसून मेथी निवडत होत्या. शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते. तेही पिकलेलेच.

मामंजींनी लगेच उलटतपासणी सुरू केली. "नाका तुमी सवताच्या डोळ्यानं पाहिला का?"

आजी दचकल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, हे साहेब कशाचे?"

"साहेब न्हाई, माझे सासरे हायेत. त्यांची बोलायची रीतच तशी हाय," मी म्हणाले आणि त्यांच्याशेजारी बसून मेथी निवडायला घेतली. मग त्या बोलायला लागल्या. त्यांचं आजोळ वाशिमकडचं. लहानपणी आईबरोबर नाका ओलांडून जायच्या.

"फाटक कसलं? बांबू व्हता आडवा. एका टोकाला दगड बांधलेला. माणसं थांबायची, गाड्या थांबायच्या. मी त्याच्या खालून पळत जायची."

"लोखंडी फाटक व्हतं," दीर म्हणाले. "हिरव्या रंगाचं."

"तू तवा पाळण्यात व्हतास."

"बापानं सांगितलंय मला."

"ऐकीव पुरावा," मामंजी शांतपणे म्हणाले. "तो धरत न्हाईत."

दीर यावर रुसून आत गेले आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी पापड घेऊन बाहेर आले. मी आजींना शिपायांचे बूट विचारले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "तोंडं न्हाई आठवत. पाय आठवतेत. पट्टी गुंडाळलेली, अशी गोल गोल, खालून वर. एकाची पट्टी सुटून लोंबायची. त्याच्या पायात चपला व्हत्या."

त्यांच्या मनात नाका तेवढ्याच उंचीचा राहिला होता, आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या उंचीचा. मी तिथंच पेन्सिल काढली. खाली वाकून पाहिल्यासारखा बांबू, त्याच्या पलीकडे पायांची रांग, बैलांचे खूर आणि एक सुटलेली पट्टी. मनोरा, फाटक, चेहरे काहीच नाही. इतक्या दिवसांत मला न जमलेलं पान पाच मिनिटांत कागदावर आलं. मला इतका आनंद झाला की हातातली मेथी मी पापडाच्या ताटलीत टाकली.

आजींनी चित्र निरखून पाहिलं. मग मागची पानं मागितली. शिपाई, बंदुका, धूर बघत शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि विचारलं, "ही लढाई किती वर्सं चालली म्हनलीस?"

"तीन वर्षं."

"मग सैंपाक कोन करून राहिलं?"

मी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी माझ्याकडे.

"तीन वर्सं मानूस उपाशी लढत न्हाई," आजी म्हणाल्या. "चूल दाव कुठंतरी."

परतीच्या एसटीतून मी मित्राला फोन लावला. इतक्या मोठ्या लढाईत एकही चूल नाही हे ऐकून तो हसला. दोन दिवसांनी त्याने नवी पानं पाठवली. त्यात एक लष्करी भटारखाना होता, आणि तिथं भाकरी थापणाऱ्या तीन बायका पुढच्या सगळ्या गोष्टीवर हुकूम चालवत होत्या.

पण त्याच्या सर्वांत लाडक्या प्रसंगावरून आमचं अडलं. गावकरी शत्रूची एक तोफ पळवतात, बैलगाडीत घालतात आणि नदीच्या पात्रातून गाडी भरधाव पळवत पलीकडे नेतात. वाळू उडते, बैल हवेत तरंगतात. मी ते पान रंगवायला घेतलं आणि मामंजी चहा घेऊन आले.

"वाळूत? तोफ घेऊन? भरधाव?"

"कॉमिक आहे मामंजी."

"बैल तर बैलच हायेत ना?"

वसमतजवळच्या हट्टा गावी मामंजींचे बालमित्र शेती करतात. हौसेनं बैलजोडी राखून आहेत, ट्रॅक्टर असूनही. मामंजींनी त्यांना फोन करून सांगितलं की एक लष्करी प्रयोग करायचा आहे. त्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त कधी येता एवढंच म्हणाले. आम्ही गेलो तर त्यांची गाडी टायरची. मामंजींना ती मंजूर नव्हती. अठ्ठेचाळीस साली टायर कुठले? मग गोठ्यामागे पडलेली एक जुनी लाकडी गाडी निघाली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. चाकं वाळून त्यांच्यावरची लोखंडी धाव, म्हणजे कडं, सैल झाली होती, तेव्हा मालकांनी ती दोन दिवस हौदात भिजत घातली. लाकूड फुगलं, धाव घट्ट बसली आणि आम्ही पुन्हा तिकडे गेलो.

तोफेच्या जागी त्यांच्याकडची हळद शिजवायची जुनी लोखंडी कढई गाडीत चढवली आणि तिच्यात दगड भरले. गावाबाहेरच्या ओढ्याला घोट्याइतकं पाणी होतं आणि दोन्ही बाजूंना वाळू. फाल्गुन लागला होता, शेजारच्या वावरात हळदीची काढणी चालू होती. मी काठावर वही घेऊन बसले. मालकांनी बैलांचा कासरा धरला. मामंजी ओढ्याच्या मध्ये उभे राहून हातवारे करत होते.

"येऊ द्या," ते म्हणाले.

बैल वाळूत उतरले, चार पावलं चालले आणि थांबले. चाकं अर्धी आत गेली होती. मालकांनी पुचकारलं, दटावलं, शेपटीला हात लावला. एक बैल खाली बसला. दुसऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तोही बसला. मामंजी मागून गाडी रेटायला गेले. ते जोर लावत असतानाच मालकांनी बैल उठवले, गाडी हातभर पुढे सरकली आणि मामंजी इस्त्रीच्या सदऱ्यासकट पाण्यात बसले.

हळद वेचणाऱ्या बाया हातातलं काम टाकून काठावर आल्या. एकीनं मला विचारलं, "काय करून राहिले हे?"

"तोफ नेऊन राहिले," मी म्हणाले. मला हसू आवरत नव्हतं.

त्यांना तोफेचं काही वाटलं नाही. गाडी रुतली आहे एवढं पुरे होतं. त्यांच्यातल्या दोघी बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, मोळ्या घेऊन आल्या आणि चाकांपुढे पसरायला लागल्या. तिसरी मामंजींना म्हणाली, "बाबा, निम्मे दगड उतरवा. दोन खेपा करा. कोण मागं लागलंय का तुमच्या?"

"शत्रू लागलाय," मामंजी ओल्या धोतरातून पाणी पिळत म्हणाले.

"तो बी रुतंल की मग."

दगड उतरवले. गाडी पऱ्हाट्यांवरून कडाकडा आवाज करत सावकाश पलीकडे गेली. मग बाया आणि आम्ही मिळून उरलेले दगड हातोहात नेले. मी वहीत भराभर काढत होते, बसलेले बैल, पिळलेलं धोतर, डोक्यावरच्या मोळ्या, कढईत वाकून दगड काढणारे हात. नंतर सगळ्यांनी वावरातच भाकरी आणि ठेचा खाल्ला. मामंजी उघड्या अंगाने उन्हात बसले होते, सदरा बाभळीवर वाळत होता, आणि मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

पुण्याच्या मित्राला ती रेखाटनं पाठवली तेव्हा तो नाराज झाला. त्याचे तरंगणारे बैल गेले होते. "वाचकाला थरार पाहिजे," तो म्हणाला. मी म्हणाले, "शत्रू मागून येतोय आणि बैल खाली बसलेत. याहून थरार काय पाहिजे?" तो म्हणाला, "बाया काय म्हणाल्या ते पुन्हा सांग." त्या प्रसंगाची आता सहा पानं आहेत आणि लोक पुस्तक हातात घेतलं की आधी तीच उघडतात.

शेवटचं पान राहिलं होतं तेव्हा मित्र पहिल्यांदाच वसमतला आला. लढाई कुणी जिंकायची यावर त्याचं आणि मामंजींचं जेवताना वाजलं. मित्राला शेवट मोकळा सोडायचा होता. मामंजी म्हणाले, दावा दाखल केला की निकाल द्यावा लागतो, लोकांना तारखा देत बसू नये. वरणभात संपला, ताक झालं, तरी दोघं मागे हटेनात. मग पुरणपोळी जड झाली आणि दोघंही बैठकीत आडवे झाले. एक सतरंजीवर, एक दिवाणावर.

मी टेबलापाशी बसले. कागदावर कनेरगावच्या नाक्यावरचा रस्ता काढला. त्यावरून माणसं आठवड्याच्या बाजाराला चालली होती, वऱ्हाडातून इकडे आणि इकडून वऱ्हाडात. कोंबड्या, टोपल्या, एक नवरी, उशिरा निघालेला एक म्हातारा. कुणी कुणाला अडवत नव्हतं. कोणतं निशाण कुठं आहे ते मी काढलंच नाही.

उठल्यावर दोघांनी ते पान पाहिलं. मित्र म्हणाला, "बरोबर. मोकळा ठेवलास." मामंजींनी चष्मा लावून पुन्हा बघितलं आणि समाधानाने मान डोलावली. "रस्ता सुरू झाला म्हंजे निकाल लागला," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.