एका पाकिटावर एक पुडी फुकट

एमएससी झाल्यावर मला फरीदाबादच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. कंपनी ट्रायकोडर्मा विकायची. ही एक हिरवी बुरशी. शेणखतातून किंवा पाण्यात कालवून झाडाच्या मुळाशी घातली की रोग आणणाऱ्या बुरशीला ती खाऊन टाकते. डाळिंबाच्या मर रोगावर तिला मागणी होती. ती काचेच्या बशांमध्ये वाढवायचं काम माझं. बुरशी म्हटलं की आई नाक मुरडायची, पण माझ्या बशांना खोबऱ्यासारखा वास यायचा. त्या ऑफिसात तेवढ्याच एका गोष्टीची मला किळस येत नव्हती.

बाकी सगळ्याची यायची. केबिनमधला पानमसाल्याचा वास, वॉशबेसिनमधले डाग, साहेबांचं ओलसर ‘बेटा’. त्या वर्षांत प्रत्येक वस्तूबरोबर काहीतरी फुकट मिळत होतं, शाम्पूवर कंगवा, चहावर कप. साहेबांनाही स्कीम हवी होती. त्यांनी ट्रायकोडर्माच्या पाकिटाला रासायनिक बुरशीनाशकाची पुडी चिकटवायचं ठरवलं. दोन्ही एकाच बादलीत मिसळायचं, म्हणजे ‘डबल ॲक्शन’.

ती पुडी बुरशी मारण्यासाठीच होती, आणि आमच्या पाकिटातही जिवंत बुरशीच होती.

मी वाद घातला नाही. मला जमत नाही. दोन्ही मिसळून एका बशीत घातलं, दुसरीत नुसता ट्रायकोडर्मा. पाच दिवसांनी दोन्ही बशा साहेबांच्या टेबलावर नेल्या. एक हिरवीगार, एक कोरी.

“हटाओ यार, खाना खा रहा हूँ.”

“सर, मिलाने से ये मर जाता है.”

“खेत में जाकर देखेगा कौन, बेटा?”

समोर बसलेला सेल्सवाला खो खो हसला. “मैडम को फफूँद पे दया आ रही है!”

साहेबांनी बोटं चाटली आणि त्याच बोटांनी माझी बशी बाजूला सरकवली. “तू महाराष्ट्रियन है ना? मराठी पर्चा तू लिख दे. सोलापुर जाएगा.”

माझं मराठी घरातलं, त्यातही अर्धं हिंदी. मुळाशी औषध ओतण्याला काय म्हणतात, ते आईलाही आठवेना. तिनं सांगोल्याच्या मामांना फोन लावून दिला. त्यांची डाळिंबाची बाग होती.

“आळवणी म्हणतात,” मामा म्हणाले. “पण दोन्ही एकत्र? कुठल्या शहाण्यानं सांगितलं गं? मरून जाईल की ती!”

मी नुसतं “हो” म्हणाले. ही माझीच कंपनी, हे सांगायची लाज वाटली.

रविवारी पत्रक लिहिलं. ‘पाकिटातली बुरशी जिवंत आहे. सोबतची पुडी तिच्यात मिसळू नका. आळवणीच्या आधी आणि नंतर पंधरा दिवस पुडी वापरू नका.’ ऑफिसात मराठी कुणालाच येत नव्हतं. सोमवारी साहेबांनी न वाचताच खाली सही केली. मला हात धुवावेसे वाटले, पण थोडा आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिंदी पत्रक माझ्यापुढे टाकलं. “प्रूफ देख ले.” त्यात लिहिलं होतं, दोनों को एक ही बाल्टी में घोलें. हिंदी तिथं सगळ्यांनाच वाचता येत होतं. पाण्याच्या लिटरचा आकडा चुकला होता, तेवढा दुरुस्त करून मी कागद परत दिला.

ते पत्रक हिमाचलच्या सफरचंदवाल्यांसाठी होतं. तिथं माझे मामा नव्हते.